संगणकाची नाडी : रुग्णालयाच्या क्लाउड-सेवांची आरोग्य-तपासणी

प्रतिवर्षी या अहवालात एक माहितीपर लेख देण्याचा आमचा प्रघात आहे. एरवी त्याचा विषय एखादा आजार, त्याची लक्षणे व प्रतिबंध असा असतो. या वेळी विषय थोडा निराळा आहे. ज्या संगणक-प्रणालीवर रुग्णालयाचे दैनंदिन कामकाज चालते, तिच्या प्रकृतीची तपासणी कशी होते, हे येथे सांगावयाचे आहे. आपण विश्वासाने दिलेल्या देणगीतील काही भाग या प्रणालीवर खर्च होतो. तेव्हा ती आजारी पडल्यास कसे कळते आणि कळल्यावर काय केले जाते, हे जाणण्याचा आपणास अधिकार आहे.

विषय तांत्रिक असला तरी जालना एमआयडीसीच्या वाचकास तो परका वाटू नये. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्यात कलम ४१-सी समाविष्ट झाले. धोकादायक प्रक्रियेतील कामगाराची कामावर घेण्यापूर्वी आणि त्यानंतर बारा महिन्यांच्या आत पुन्हा पुन्हा वैद्यकीय तपासणी करण्याची जबाबदारी या कलमाने कारखान्यावर टाकली. आपल्या पोलाद कारखान्यांतील व्यवस्थापकांना ही तपासणी चांगली परिचयाची आहे. कामगार जिवंत आहे एवढ्यावरून त्याला कोणी भट्टीपुढे उभे करीत नाही. तो त्या कामास योग्य आहे काय, हे पाहिले जाते. तसेच एक दिवस अशक्तपणा जाणवला म्हणून त्याला कामावरून कायमचे कमीही केले जात नाही. प्रश्न योग्य हवा आणि उत्तरानंतरचा उपायही त्या प्रश्नाला साजेसा हवा. संगणक-सेवांच्या आरोग्य-तपासणीचे सारे मर्म एवढ्या एका वाक्यात आहे. पुढील विवेचन म्हणजे त्याचाच विस्तार होय.

क्लाउड आणि कंटेनर

पूर्वी रुग्णालयाची आज्ञावली कार्यालयातील एका खोलीत ठेवलेल्या सर्व्हरवर चालत असे. तो बंद पडला की नोंदणी, प्रयोगशाळा, औषधालय व देयके हे सारे एकदमच थांबे. क्लाउड म्हणजे मोठ्या संगणक-केंद्रांतील जागा व शक्ती वापरापुरती भाड्याने घेणे. ही केंद्रे आता आपल्या राज्यातच आहेत. मायक्रोसॉफ्टची पुणे व मुंबई येथील केंद्रे २०१५ साली, ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ साली, तर गूगलचे मुंबई केंद्र २०१७ साली सुरू झाले.

कंटेनर हा शब्द मालवाहतुकीतून आला आहे. न्हावाशेवा बंदराकडे जाणारी पोलादी पेटी ट्रक, रेल्वे वा जहाज अशा कोणत्याही वाहनावर सारखीच बसते. आतील माल उतरवून पुन्हा भरावा लागत नाही. संगणकातील कंटेनरही असाच असतो. आज्ञावली आणि तिला लागणारे सर्व साहित्य एका बंद पेटीत ठेवतात. ती पेटी कोणत्याही संगणकावर तशीच चालते. २०१३ साली आलेल्या डॉकर या साधनाने ही पद्धत सर्वदूर नेली. एकाच पेटीच्या अनेक प्रती एका वेळी चालविता येतात. नोंदणी-सेवेच्या तीन प्रती चालू असतील, तर एक बंद पडली तरी उरलेल्या दोन काम सांभाळतात.

मात्र कोणती प्रत चालू आहे, कोणती बंद पडली आणि आलेले काम कोणाकडे पाठवावे, हे पाहणारा कोणी तरी हवा. ते काम पर्यवेक्षक आज्ञावली करते. गूगलने २०१४ साली जगासाठी खुली केलेली कुबरनेटीस ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा असा आहे. ॲमेझॉनची ईसीएस नावाची सेवा हेच काम आपल्या पद्धतीने करते. पर्यवेक्षकाला पेटीच्या आत डोकावता येत नाही. तो ठरावीक वेळाने दारावर टकटक करतो आणि आतून येणाऱ्या उत्तरावरून निर्णय घेतो. या टकटकीलाच हेल्थ चेक, म्हणजे आरोग्य-तपासणी म्हणतात.

तीन निरनिराळे प्रश्न

कुबरनेटीसमध्ये अशा तपासण्या तीन प्रकारच्या आहेत. त्या तिन्ही वेगळ्या ठेवण्यामागे विचार आहे.

पहिला प्रश्न : जिवंत आहे काय? याला लाइव्हनेस म्हणतात. कधी कधी आज्ञावली वरून चालू दिसते. परंतु आतील दोन कामे एकमेकांची वाट पाहत अडकून बसलेली असतात. अशी कोंडी आपोआप सुटत नाही. येथे उपाय एकच : ती प्रत बंद करून पुन्हा सुरू करणे. लाइव्हनेस तपासणी लागोपाठ अयशस्वी झाली की कुबरनेटीस नेमके हेच करते.

दुसरा प्रश्न : काम घेण्यास तयार आहे काय? याला रेडिनेस म्हणतात. शस्त्रक्रियागृहात गुंतलेला डॉक्टर ठणठणीत असतो, पण त्या क्षणी बाह्यरुग्ण विभागातील रुग्ण पाहू शकत नाही. आपण त्याला कामावरून कमी करीत नाही. पुढचा रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवितो. रेडिनेस तपासणीत अपयश आल्यास कुबरनेटीस त्या प्रतीला हात लावत नाही. फक्त नवे काम तिच्याकडे पाठविणे थांबविते आणि ती सावरली की पुन्हा पाठवू लागते.

तिसरा प्रश्न : सुरू होणे पूर्ण झाले काय? याला स्टार्टअप म्हणतात. मोठी आज्ञावली सुरू होण्यास कधी दोन-तीन मिनिटेही लागतात. त्या अवधीत पहिला प्रश्न विचारला, तर उत्तर येणार नाही. उत्तर नाही म्हणून पर्यवेक्षक तिला बंद करील. ती पुन्हा सुरू होऊ लागेल आणि पुन्हा बंद केली जाईल. भूल उतरण्यापूर्वीच रुग्णाला उभे राहण्यास सांगण्यासारखे हे आहे. म्हणून स्टार्टअप तपासणी यशस्वी होईपर्यंत पहिल्या दोन्ही तपासण्या थांबवून ठेवल्या जातात. ही सोय कुबरनेटीसमध्ये २०२० च्या अखेरीस स्थिर स्वरूपात आली.

हे तीन प्रश्न एकच मानणे, ही या क्षेत्रातील सर्वांत नेहमीची चूक होय. अनेक ठिकाणी एकच पत्ता तिन्ही तपासण्यांना दिलेला असतो. परिणाम असा होतो की, जेथे थोडी उसंत हवी होती तेथे प्रत बंद केली जाते आणि जेथे बंद करावयास हवी होती तेथे तिची वाट पाहिली जाते.

आकडे कसे ठरवावेत

प्रत्येक तपासणीत मुख्यतः चार आकडे ठरवावे लागतात : सुरुवातीस किती थांबावे, दोन तपासण्यांत किती अंतर ठेवावे, उत्तराची किती वेळ वाट पाहावी आणि लागोपाठ किती अपयशांनंतर कृती करावी. आपण काहीच न लिहिल्यास कुबरनेटीस स्वतःचे आकडे धरते. ते असे : सुरुवातीची प्रतीक्षा शून्य सेकंद, अंतर १० सेकंद, उत्तरासाठी १ सेकंद आणि लागोपाठ ३ अपयशे. याचा अर्थ, अडकलेली प्रत साधारण अर्ध्या मिनिटात ओळखली जाते. ही गती चांगली आहे. पण धोका त्या एका सेकंदात आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

सुरू होण्याच्या अवधीचा हिशेब सोपा आहे. १० सेकंदांच्या अंतराने ३० अपयशांपर्यंत थांबावयाचे ठरविल्यास आज्ञावलीस ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे मिळतात. ती दोन मिनिटांत तयार झाली तर उरलेली तीन मिनिटे वाया जात नाहीत. यश मिळताच पुढील तपासण्या सुरू होतात.

प्रत्येक सेवेचे नियम थोडे निराळे असतात, हेही ध्यानी ठेवावे लागते. डॉकरने २०१६ साली पेटीच्या वर्णनातच तपासणी लिहिण्याची सोय दिली. परंतु कुबरनेटीस ती तपासणी पाहतच नाही. आणि ॲमेझॉनची ईसीएस सेवाही तिच्या स्वतःच्या नोंदीत ती पुन्हा लिहिल्याखेरीज विचारात घेत नाही. पेटीत तपासणी लिहिली आहे म्हणून निश्चिंत राहिलेल्या संस्थेची प्रत्यक्षात कोणतीच तपासणी होत नसते. कामाची विभागणी करणारा लोड बॅलन्सर हा आणखी एक पर्यवेक्षक असतो. ॲमेझॉनच्या अशा एका प्रकारात तपासणीचे मूळ अंतर ३० सेकंद असून दोन अपयशांनंतर प्रत अस्वस्थ ठरते. ईसीएसमध्ये अशी अस्वस्थ ठरलेली प्रत केवळ बाजूला ठेवली जात नाही, तर थांबवून तिच्या जागी नवी आणली जाते. म्हणजे कुबरनेटीसमध्ये दुसऱ्या प्रश्नाचा जो सौम्य उपाय आहे, तो येथे कठोर होतो. म्हणूनच सुरुवातीच्या सवलतीचा काळ तेथे विचारपूर्वक ठरवावा लागतो. तपासणी कोणतीही असो, अपयशानंतर नेमके काय घडेल हे आधी वाचावे आणि मगच आकडा लिहावा.

गर्दीची घटका

आता त्या एका सेकंदाकडे वळू. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या एमआयडीसीतील एका पोलाद कारखान्यात भट्टीजवळ स्फोट होऊन वीसच्या आसपास कामगार जखमी झाले. अशा प्रसंगी कोणत्याही रुग्णालयावर काय ताण येतो, हे येथील वाचकांस सांगावयास नको. एकाच वेळी अनेक नोंदी, रक्तगटाच्या चाचण्या, औषधांची मागणी, नातेवाइकांची विचारणा. संगणक-प्रणालीवरील कामही त्याच क्षणी अनेक पटींनी वाढते.

समजा, नोंदणी-सेवेच्या तीन प्रती चालू आहेत. गर्दीमुळे प्रत्येक प्रत उत्तर देण्यास एकाऐवजी दीड सेकंद घेऊ लागली. ती काम करीत आहे, नोंदी होत आहेत. फक्त गती मंदावली आहे. परंतु लाइव्हनेस तपासणी एका सेकंदापलीकडे थांबत नाही. तीन वेळा उत्तर उशिरा आले की पर्यवेक्षक पहिली प्रत मृत समजून बंद करतो. तिचे काम उरलेल्या दोघींवर येते. त्या आणखी मंदावतात. मग दुसरी बंद होते. तिसरीवर सारा भार पडतो आणि तीही जाते. पहिली उठून उभी राहते ती सगळी गर्दी अंगावर घेण्यासाठीच. ती पुन्हा कोसळते. जी सेवा मंद गतीने का होईना चालली असती, ती तपासणीनेच बंद पाडली.

दमलेला आणि मेलेला यांतील फरक न कळणारी तपासणी नसलेली बरी. म्हणून आम्ही असा नियम ठरविला आहे की, लाइव्हनेस तपासणीस उत्तरासाठी भरपूर अवधी व अधिक संधी द्यावी आणि तिचा प्रश्न अगदी हलका ठेवावा. रेडिनेस तपासणी त्यामानाने तत्पर असावी. कारण तिचा उपाय सौम्य आहे व तो मागे घेता येतो. ज्या उपायाने नुकसान अधिक, त्याच्या निदानास पुरावाही अधिक हवा, हे वैद्यकातील तत्त्व येथेही खरे आहे. शिवाय हे आकडे शांत दुपारी नव्हे, तर मुद्दाम निर्माण केलेल्या कृत्रिम गर्दीत तपासून घ्यावेत.

मोठ्या व्यवस्थाही या नियमास अपवाद नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया येथील केंद्रात मोठा बिघाड झाला. मूळ दोष एका माहिती-साठवण सेवेचे पत्ते ठेवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेत होता. तो दूर झाल्यावरही अडचण संपली नाही. नव्याने सुरू झालेल्या संगणकांची जाळ्यातील जोडणी पूर्ण होण्यापूर्वीच त्यांची आरोग्य-तपासणी होऊ लागली. यंत्रे ठीक असूनही तपासणी कधी अयशस्वी, कधी यशस्वी होई. त्यानुसार ती सेवेतून काढली जात व परत घेतली जात. या सततच्या काढ-घालीचा ताण तपासणी-यंत्रणेवरच पडला. शेवटी अभियंत्यांनी तपासणीवरून होणारी ही स्वयंचलित कृती काही काळ बंद ठेवली, तेव्हा चांगली यंत्रे पुन्हा कामास लागली. तपासणीला आवर घालण्याची कळ माणसाच्या हाती असली पाहिजे, हा त्यातील धडा होय.

काय विचारावे, काय विचारू नये

तपासणीच्या प्रश्नाला सेवेने दिलेल्या उत्तरात एक सांकेतिक अंक असतो. कुबरनेटीस २०० ते ३९९ मधील अंक यश मानते. ५०३ चा अर्थ सेवा सध्या उपलब्ध नाही, असा होतो. परंतु हा अंक कशाच्या आधारे द्यावयाचा, हे आज्ञावली लिहिणाराच ठरवितो. येथे दोन टोके टाळावी लागतात.

एक टोक पोकळ होकाराचे. काही न पाहता नेहमीच २०० असे उत्तर देणारी सेवा म्हणजे रुग्णाकडे न बघता तक्त्यावर ताप नाही असे लिहून टाकणारा परिचारक. प्रयोगशाळेचा अहवाल पडद्यावर उमटत नसतो आणि तपासणीच्या फलकावर मात्र सारे हिरवे दिवे असतात.

दुसरे टोक अतिचौकशीचे. लाइव्हनेस तपासणीतच माहितीसाठा, लघुसंदेश-सेवा, विमा योजनेचे संकेतस्थळ असे सारे चालू आहे काय, हे विचारले जाते. मग बाहेरच्या एखाद्या सेवेला दोन मिनिटे अडचण आली की आपल्या सर्व प्रती एकाच वेळी बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागतात. शेजारच्या घरी दिवे गेले म्हणून आपल्या घरातील मुख्य कळ बंद करण्यासारखे हे आहे. पुन्हा सुरू केल्याने जे बरे होणार नाही, ते लाइव्हनेसमध्ये विचारू नये.

रेडिनेसमध्ये माहितीसाठ्याची विचारपूस करता येते, पण तेथेही तारतम्य हवे. सर्व प्रतींचा माहितीसाठा एकच असेल तर तो क्षणभर अडखळताच सर्वच प्रती एकदम तयार नाहीत असे ठरेल आणि काम पाठविण्यास कोणीच उरणार नाही. त्यापेक्षा, जे चालू आहे ते चालू ठेवून, माहितीसाठ्याशी संपर्क नाही अशी स्पष्ट सूचना पडद्यावर देणे नोंदणी-खिडकीवरील कर्मचाऱ्यास अधिक उपयोगी पडते. मग तो निदान कागदावर नोंद घेण्यास मोकळा होतो.

आणखी एक दक्षता. तपासणीचे उत्तर संक्षिप्त असावे. त्यात रुग्णाचे नाव, नोंदणी-क्रमांक वा माहितीसाठ्याचा पत्ता येता कामा नये. तपासणी प्रकृतीची आहे. रुग्णाच्या माहितीची नव्हे.

तपासणी जेथे पोहोचत नाही

पर्यवेक्षक मुंबईच्या केंद्रात बसून मुंबईतीलच पेट्यांच्या दारावर टकटक करीत असतो. जालन्यात रस्ता खोदताना जेसीबीने ऑप्टिकल केबल तोडली, तर त्याला त्याची गंधवार्ता नसते. त्याच्या लेखी सर्व प्रती निरोगी असतात आणि येथे खिडकीसमोर रांग वाढत असते. म्हणून एक तपासणी रुग्णाच्या बाजूनेही हवी. रुग्णालयातील एका संगणकाने दर मिनिटास, खऱ्या कर्मचाऱ्याप्रमाणे, प्रणालीचे पान उघडून पाहावे आणि ते न उघडल्यास कर्तव्यावरील व्यक्तीच्या भ्रमणध्वनीवर सूचना द्यावी. दुसऱ्या कंपनीची पर्यायी जोडणी असावी, तीही वेगळ्या मार्गाने आलेली. कारण एकाच चरातून गेलेल्या दोन तारा एकाच फावड्याने तुटतात.

आणि शेवटी कागद. जालन्याच्या वाचकांस २०२१ चा जानेवारी आठवत असेल. कोविड लसीकरणाची रंगीत तालीम २ जानेवारीस राज्यातील ज्या चार जिल्ह्यांत झाली, त्यांत पुणे, नागपूर व नंदुरबार यांच्याबरोबर आपला जालना जिल्हा होता. १६ जानेवारीस प्रत्यक्ष लसीकरण सुरू झाले, तेव्हा को-विन प्रणालीत तांत्रिक अडचणी आल्या आणि पहिल्या दिवशी कागदावर नोंदी घेण्याची मुभा द्यावी लागली. लस तयार होती, परिचारिका तयार होत्या, लाभार्थी रांगेत होते. कागद हाताशी होता म्हणून काम पुढे सरकले. कितीही चांगली तपासणी असली तरी छापील नोंदणी-पत्रके, प्रयोगशाळेच्या मागणी-चिठ्ठ्या व रक्तसाठ्याची दैनिक मुद्रित प्रत प्रत्येक विभागात असावी, असा आमचा आग्रह आहे. ती कशी वापरावी, याची उजळणीही वेळोवेळी व्हावी.

विचारावयाचे पाच प्रश्न

आपल्यापैकी अनेक जण उद्योजक आहेत. काही जण इतर संस्थांचे विश्वस्तही आहेत. आपल्या संस्थेची प्रणाली क्लाउडवर असेल, तर सेवा पुरविणाऱ्या कंपनीस पुढील पाच प्रश्न जरूर विचारावेत. त्यांसाठी संगणकशास्त्र शिकण्याची गरज नाही.

१. जिवंत आहे काय, तयार आहे काय आणि सुरू झाले काय, या तीन तपासण्या वेगळ्या आहेत की एकच?

२. प्रत्येक तपासणीत अपयश आल्यावर नेमकी कोणती कृती होते?

३. उत्तराची वाट किती सेकंद पाहिली जाते आणि तो आकडा गर्दीत तपासला आहे काय?

४. बाहेरची एखादी सेवा बंद पडल्यास आमच्या प्रती बंद होतात काय?

५. रात्री दोन वाजता सूचना कोणाला जाते आणि स्वयंचलित कृती थांबविण्याचा अधिकार कोणाला आहे?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या खात्याचे नाव न येता माणसाचे नाव म्हणून यावे. आपल्या कारखान्यांत तिन्ही पाळ्या चालतात. अपघातही वेळ पाहून येत नाहीत. तिसऱ्या पाळीत भाजलेला कामगार दारात येतो, तेव्हा त्याचा रक्तगट, पूर्वीची औषधे व ॲलर्जी यांची नोंद डॉक्टरांसमोर काही क्षणांत यावयास हवी. तपासणीचे हे सारे आकडे त्या काही क्षणांसाठी आहेत. आपण दिलेल्या प्रत्येक रुपयाचा विनियोग करताना आम्ही हेच ध्यानी ठेवतो.